वारशाने आलेल्या तिकिटांचे मोल
(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

जुने तिकीट म्हणजे पैसा, अशी एक समजूत आपल्याकडे घट्ट रुजलेली आहे. वर्तमानपत्रात एखाद्या दिवशी बातमी येते की, परदेशातल्या कुठल्याशा लिलावात टपालाचे एक चिटुकले तिकीट इतक्या कोटींना गेले. आणि लगेच घरोघरी माळ्यावरचे जुने अल्बम खाली उतरतात. बातमीत खोटे काही नसते. ब्रिटिश गियाना या वसाहतीचे १८५६ सालचे एक सेंटचे किरमिजी तिकीट १८७३ मध्ये व्हॉन नावाच्या बारा वर्षांच्या मुलाला काकांच्या जुन्या कागदपत्रांत सापडले आणि त्याने ते सहा शिलिंगांना विकून टाकले. तेच तिकीट २०१४ साली न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे पंचाण्णव लाख डॉलरला गेले. इथवरची कथा सर्वांना ठाऊक असते. पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही. २०२१ साली ते पुन्हा विकले गेले तेव्हा सुमारे त्र्याऐंशी लाख डॉलरच आले. जगात ज्याचा दुसरा नग नाही, अशा वस्तूचा भावही सात वर्षांत खाली येऊ शकतो. मग ज्याचे लाखो नग आहेत, त्याचे काय?

हा प्रश्न मला परीक्षेत आला नव्हता, घरात आला होता. आजोबा गेल्यावर आमच्या वाशिंदच्या घरी वाटणीची बोलणी सुरू झाली. बाबा आणि काका यांच्यात घर आणि भाताची खाचरे वाटली जावीत, आत्याने हक्कसोडपत्र करून द्यावे, आणि तिला म्हणून आजोबांची तिकिटांची पेटी द्यावी, असे ठरत होते. "ती पेटी लाखाची आहे, तिचे काही वाईट होत नाही," असे काका म्हणत. ते खोटे बोलत नव्हते. त्यांचा तसा विश्वास होता. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, हे आपण वर्गात शिकतो. घरात ते कोणी मोठ्याने म्हणत नाही. कागद टंकून तयार होता, शहापूरला जाऊन नोंदणी तेवढी राहिली होती. तेव्हा आत्याच मला म्हणाली, "तू अर्थशास्त्र शिकतोस ना? मग त्या पेटीची किंमत काढून दे. जास्त नको आणि कमीही नको." पुढे जे लिहीत आहे ते त्या तीन महिन्यांच्या खटाटोपातून कळलेले आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असा एखादा अल्बम असेल, म्हणून सविस्तर लिहितो.

आजोबा आर. एम. एस. मध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपाल खात्यात, पत्रांची वर्गवारी करीत. रात्रीच्या गाडीत उभ्याने पत्रे लावायची आणि सकाळी घरी येऊन झोपायचे, असे आयुष्य गेले. पेटीत सात अल्बम, सिगारेटच्या डब्यांत भरलेली सुटी तिकिटे, आणि सुतळीने बांधलेला जुन्या कार्डांचा व पाकिटांचा एक गठ्ठा होता. तो गठ्ठा पणजोबांचा. त्यांचा भाताचा व्यापार असल्याने मुंबई, कल्याण, मुरबाड, शहापूर येथून त्यांना कार्डे येत.

पहिला भ्रम वयाचा. तिकीट जितके जुने तितके मोलाचे, असे आपण धरून चालतो. जगातले पहिले टपाल तिकीट, इंग्लंडचे 'पेनी ब्लॅक', मे १८४० मध्ये निघाले; पण ते सुमारे पावणेसात कोटी छापले गेले, म्हणून आजही विकत मिळते. त्याउलट आपल्याकडचे 'सिंद डाक' पाहा. सिंध प्रांताचे कमिशनर बार्टल फ्रियर यांनी १८५२ मध्ये अर्ध्या आण्याची गोल तिकिटे काढली. आशिया खंडातली ही पहिली तिकिटे. त्यांतले लाल तिकीट लाखेसारख्या ठिसूळ चकतीवर उठवलेले असे. हाताळताना ते तडकायचे, म्हणून फारच थोडी शाबूत राहिली. पुढे १ ऑक्टोबर १८५४ रोजी साऱ्या हिंदुस्थानासाठी तिकिटे सुरू झाली. (बरोबर एक वर्षाने, १ ऑक्टोबर १८५५ रोजी, कल्याणहून आमच्या वाशिंदपर्यंत आगगाडी आली. या योगायोगाचा किमतीशी संबंध नाही, पण गावचा माणूस म्हणून नोंदवतो.) त्या वेळची तिकिटे कलकत्त्याला सर्व्हेच्या कचेरीत शिळाछापावर छापत आणि त्यांना छिद्रे नसत, कात्रीने कापावी लागत. त्यांतले चार आण्यांचे तिकीट अष्टकोनी चित्राचे. हौशी लोक ते चित्राच्या कडेने अष्टकोनी कापून अल्बमात लावीत. दिसते सुबक, पण चौकोनी कडा गेल्याने किंमत बरीच उतरते. याच चार आण्यांच्या काही मोजक्या तिकिटांवर राणीचे मस्तक उलटे छापले गेले. ती चूक आज जगप्रसिद्ध आहे.

इथेच दुसरा भ्रम शिरतो, की चूक म्हणजे दुर्मिळता. आजोबांच्या अल्बमात १९४९ च्या पुरातत्त्व मालिकेतले एक आण्याचे बोधिसत्त्वाचे तिकीट शेकड्याने होते. या तिकिटावर मूर्तीचे चित्र उलट्या बाजूने, आरशात दिसावे तसे छापले गेले होते. १९५० मध्ये ते सुधारून पुन्हा काढले. चुलतभावाने हे कुठेतरी वाचले आणि घरात आनंदीआनंद झाला. परंतु चुकीचे तिकीट वर्षभर रोजच्या वापरात होते, देशभर पत्रांना लागत होते. शिक्का मारलेले असे तिकीट आज कोणी चणेफुटाण्याच्या भावानेही उत्साहाने घेत नाही. चूक लवकर उमगली आणि मोजकेच नग बाहेर गेले, तरच तिला भाव येतो. अर्थशास्त्रात पाणी आणि हिरा यांचा जो दाखला देतात, तो मला पुस्तकापेक्षा या बोधिसत्त्वाने नीट समजावला.

उलट बाजूचे उदाहरण गांधीजींचे. १५ ऑगस्ट १९४८ रोजी स्वातंत्र्याच्या पहिल्या वाढदिवशी गांधीजींची चार तिकिटे निघाली: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. ती नाशिकच्या सरकारी छापखान्यात न छापता स्वित्झर्लंडच्या कुर्व्हाझिए या छापखान्यातून आणली होती. त्यांतले काही संच गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठी 'सर्व्हिस' असा शब्द वर छापून दिले. दहा रुपयांचे तसे तिकीट अवघे शंभर. अशा चार जोड तिकिटांची एक पट्टी २०१७ साली लंडनच्या स्टॅन्ली गिबन्स या पेढीने पाच लाख पौंडांना विकली. ही हकिगत घरात सांगितल्यावर काकांनी भिंग घेतले आणि 'सर्व्हिस' लिहिलेली तिकिटे शोधायला बसले. दीडशेच्या वर सापडली! ती सर्व सारनाथच्या सिंहांची, सरकारी कचेऱ्यांच्या पाकिटांवरची होती. सरकारी कचेऱ्या पत्रे किती लिहीत हे ठाऊक असणाऱ्यास त्यांचा भाव सांगण्याची गरज नाही.

मात्र आजोबांकडे दहा रुपयांचे गांधी खरोखरच होते. शिक्का मारलेले, 'सर्व्हिस' नसलेले. आजीच्या सांगण्याप्रमाणे ते त्यांनी मुंबईत विकत घेतले होते आणि महिनाभर चहाखेरीज बाहेर काही खाल्ले नव्हते. या तिकिटाच्या नकला पुष्कळ झाल्या आहेत, म्हणून आधी ते खरे की खोटे ते पाहणे भाग होते. तिकिटाच्या कडेची छिद्रे मोजण्याची एक पट्टी मिळते. दोन सेंटिमीटर लांबीत किती छिद्रे बसतात ते तिच्यावर कळते. खऱ्या गांधी तिकिटाला साडेअकरा येतात. दुसरी खूण छपाईची. खरे तिकीट फोटोग्रॅव्हूर पद्धतीचे असल्याने भिंगाखाली छटा एकमेकींत विरघळलेल्या दिसतात. साध्या ऑफसेटवर काढलेल्या नकलेत ठिपक्यांची रांगोळी दिसते. आमचे तिकीट दोन्ही कसोट्यांस उतरले. जुन्या तिकिटांना तिसरी कसोटी जलचिन्हाची असते. तिकीट काळ्या फरशीवर पालथे ठेवून त्यावर बेंझिनचा थेंब टाकला की कागदात दडलेली खूण उमटते. १८६५ पासूनच्या राणीच्या तिकिटांत हत्तीचे मस्तक, नंतरच्यांत तारा. दिसायला अगदी सारखी दोन तिकिटे या खुणेवरून वेगळी ठरतात आणि त्यांच्या भावातही अंतर पडते. बेंझिन पेट घेते, तेव्हा हा प्रयोग चुलीपासून दूर करावा.

आता अवस्थेविषयी. यावर मला सर्वांत जास्त लिहावेसे वाटते, कारण आपल्या कोकणपट्टीत तिकिटांचा खरा शत्रू चोर नव्हे, पाऊस आहे. वाशिंदला आषाढात भिंतीला हात लावला तरी ओला होतो. अशा हवेत न वापरलेल्या तिकिटाच्या पाठीचा डिंक पाझरतो आणि ते पानाला चिकटून बसते. पुढच्या पावसाळ्यात त्यावर तांबूस ठिपके उठतात. संग्राहक त्याला गंज म्हणतात आणि तो एका तिकिटावरून शेजारच्यावर पसरतो. पाठीचा डिंक मूळचा असावा, त्यावर हिंजचा, म्हणजे चिकटवायच्या कागदी पट्टीचा, मागमूस नसावा, कडेचा एकही दात तुटलेला नसावा, चित्र मधोमध असावे. असे असेल तेव्हाच सूचीतला पुरा भाव लागतो. आजोबांनी १९३५ च्या रौप्यमहोत्सवाची कोरी तिकिटे मोठ्या जपणुकीने ठेवली होती, पण सातही तिकिटांवर गंज होता. चांगल्या अवस्थेत जे मिळाले असते त्याचा पाचवा हिस्साही कोणी देईना. त्यांचा अल्बम लोखंडी पेटीत, पेटी मोरीच्या भिंतीला लागून. त्यांना जागा तेवढीच होती.

भावाची सूची हा स्वतंत्र विषय आहे. स्टॅन्ली गिबन्सची सूची १८६५ पासून निघते; भारतीय तिकिटांसाठी कलकत्त्याहून निघणारी 'फिला' ही सूचीही संग्राहक वापरतात. नवखा माणूस सूची उघडतो, प्रत्येक तिकिटासमोरचा आकडा लिहून बेरीज करतो आणि हरखतो. माझी पहिली बेरीज दोन लाखांच्या वर गेली होती. परंतु सूचीतला आकडा हा व्यापारी निर्दोष तिकीट ज्या भावाने गिऱ्हाइकाला विकेल, त्याचा असतो. तो गिऱ्हाइकाकडून घेईल त्याचा नव्हे. शिवाय अगदी सामान्य तिकिटासमोर जो किमान आकडा असतो, तो बहुतांशी ते शोधून, वेगळे करून पाकिटात घालण्याच्या मजुरीचा असतो. अशी हजार तिकिटे असली तर हजार मजुऱ्यांची बेरीज होते, तिकिटांची नव्हे. व्यापारी बहुधा सूचीच्या चौथ्या हिश्श्यापासून दहाव्यापर्यंत देतो, तेही त्याला हवे असेल तर. लिलावात द्यावे तर तिथेही अडतीसारखी दहा-वीस टक्के कापून घेतात आणि विक्री होईपर्यंत महिने जातात.

कसाऱ्याहून येणारी सकाळची लोकल धरून मी चार वेळा मुंबईस गेलो. जनरल पोस्ट ऑफिसच्या त्या भव्य घुमटाखाली (तो विजापूरच्या गोलघुमटावरून घेतला आहे) तिकिटसंग्राहकांसाठी वेगळी खिडकी आहे. तिथे नवी तिकिटे व पहिल्या दिवसाचे लिफाफे मिळतात. जुन्यांची किंमत करून देत नाहीत, विकतही घेत नाहीत. मग फोर्टातल्या एका व्यापाऱ्याकडे गेलो. त्याने अल्बमांची पाने पत्ते पिसावे तशी चाळली आणि सरसकट सहा हजार रुपये सांगितले. दहा रुपयांच्या गांधीवर त्याची नजर क्षणभर थांबली होती, हे माझ्या लक्षात आले. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते हेच. तेव्हा पहिला व्यवहारी नियम मी शिकलो तो असा की, पेटी घेऊन जाऊ नये, यादी घेऊन जावे. दुसऱ्या आणि तिसऱ्या व्यापाऱ्याकडे मी फक्त यादी आणि निवडक वीस तिकिटे नेली. भाव वेगळा निघाला आणि बोलणेही आदराचे झाले.

यादी करताना पुष्कळ माल आपोआप बाजूला पडला. हंगेरी, मंगोलिया, आखाती देशांतली अजमान, फुजैरा वगैरे संस्थाने यांची १९६०-७० च्या सुमाराची रंगीबेरंगी फुलपाखरे, मोटारी आणि चांद्रयाने: दोन अल्बम भरून. ती पोरांना विकण्यासाठीच छापलेली असत. कित्येकांवर शिक्काही छापखान्यातच मारलेला असे. नाशिकला १९७० नंतर छापलेली आपली बहुतेक स्मारक तिकिटेही लाखोंनी निघाली. त्यांतून देशाचा इतिहास शिकता येईल, वाटा काढता येणार नाही. भोर संस्थानची १८७९ ची हाताने उठवलेली दोन तिकिटे मात्र आनंद देऊन गेली. आपल्या मराठी मुलखातल्या एका लहानशा संस्थानाने स्वतःची टपाल तिकिटे काढली होती, हे मला माहीत नव्हते. गोव्यात पोर्तुगीजांनी १८७१ पासून काढलेल्यांपैकीही चारदोन होती.

खरा चमत्कार सुतळीच्या गठ्ठ्यात निघाला. चुलतभावाने त्यातली पाकिटे तिकिटे सुटावीत म्हणून बादलीत भिजवायला काढली होती. आत्याने ती हातातून काढून घेतली, केवळ वडिलांच्या वस्तूंची हेळसांड नको म्हणून. तिचे ते करणे किमतीच्या दृष्टीनेही योग्य होते. सुट्या तिकिटाला फक्त चेहरा असतो. पाकिटावरच्या तिकिटाला गाव, तारीख, मार्ग आणि हशील असते. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांसाठी १५ नोव्हेंबरपासून प्रत्येक पत्रावर पाच पैशांचे जादा तिकीट लावणे सक्तीचे झाले. नाशिकहून छापून येईपर्यंत काही शहरांत कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर स्थानिक छापखान्यांत 'शरणार्थी सहायता' असे शब्द छापून घेतले गेले. ही स्थानिक छपाई तुलनेने दुर्मिळ आहे, पण नकल करायला अतिशय सोपी. सुटे तिकीट कोणी विश्वासाने घेत नाही. मूळ पाकिटावर, योग्य तारखेच्या शिक्क्यासह असेल तरच त्याला मान. आजोबांनी अशी तीन पाकिटे जशीच्या तशी ठेवली होती. सारे आयुष्य शिक्के पाहण्यात गेलेल्या माणसाला ते कळले असणारच.

पणजोबांची कार्डे बहुतेक मोडीत. घरात ती कोणाला वाचता येईनात. आमच्या इतिहासाच्या प्राध्यापकांनी दोन रविवार देऊन त्यांतली बावीस वाचून दिली, त्यांचे ऋण इथे व्यक्त करतो. पोत्यांचे हिशेब, लग्नाची तिथी, बैल आजारी आहे, असा मजकूर. एका कार्डावर मुरबाडचा जानेवारी १९४३ चा शिक्का आहे. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना हौतात्म्य आले. कार्डात त्याविषयी अक्षर नाही. फक्त "गाडी आठ दिवस पाठवू नये" एवढेच लिहिले आहे, कारण दिलेले नाही. व्यापाऱ्याने या कार्डाचे दीडशे रुपये सांगितले. तो भाव त्याच्या परीने बरोबर होता. प्राध्यापकांनी ते कार्ड तीनदा वाचले आणि काही न बोलता परत दिले.

हिशेब असा झाला. गांधी दहा रुपये, साडेतीन हजार. निर्वासित तिकिटांची तीन पाकिटे मिळून अडीच हजार. राणीच्या काळातली निवडक तिकिटे, भोरची दोन धरून, सुमारे पाच हजार. कार्डे व पाकिटांचा गठ्ठा, नऊ हजार. बाकी सात अल्बम वजनावर घेतल्यासारखे, तीन हजार. एकूण तेवीस हजार रुपये. पहिल्या व्यापाऱ्याच्या जवळजवळ चौपट, आणि काकांच्या लाखाच्या चौथ्या हिश्श्याहून कमी. महामार्ग आणि स्टेशन यांच्यामुळे वाशिंदला जमिनीचे जे भाव झाले आहेत, त्यांत या रकमेला एका गुंठ्याचा कोपराही येत नाही.

मी यादी घरात सर्वांसमोर वाचून दाखवली, तिन्ही व्यापाऱ्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडून. काकांनी दोनदा बेरीज तपासली. आत्या काही बोलली नाही. बाबांनी विचारले, "म्हणजे आपण हिला तेवीस हजारांत मोकळी करीत होतो?" त्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग काकाच म्हणाले, "रस्त्याकडचे खाचर तिघांत मोजावे लागेल."

हक्कसोडपत्राचा कागद त्यामुळे रद्द झाला आहे, आणि नवा वाटणीपत्राचा मसुदा वकिलाकडे आहे. पेटीचे काय, हा प्रश्न त्यानंतर निघाला. अल्बम विकून येतील ते पैसे आजीच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी ठेवायचे ठरले. गांधींचे तिकीट विकू नये, असे आजी म्हणाली. ते तिच्याकडे आहे. मोडी कार्डांचा गठ्ठा आत्याने मागून घेतला. ती तो प्लास्टिकच्या पिशवीत ठेवणार होती. मी तिला कागदी खोका, आत कोरडे चुनखडे एका पुडीत, आणि खोका मोरीच्या भिंतीपासून दूर, एवढे सांगितले आहे. दिवाळीच्या सुटीत उरलेली एकोणचाळीस कार्डे वाचायची आहेत. वर्गातल्या कोणाला मोडी शिकायची इच्छा असल्यास कळवावे.